उंबरटेकची शेवटची चूल

"या बिया घासल्या का नाहीत?" मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हस्के मॅडमनी विचारलं.

"ब्रश मिळाला नाही, मॅडम."

"ब्रश माझ्या पेटीत असतो."

"तुम्ही नगरला गेला होतात. पेटीला कुलूप होतं."

"मग थांबायचं होतंस."

"किती थांबणार? ड्रमपाशी मातीच्या पोत्यांची रांग लागली होती."

काचेवरची एक बी त्यांनी सुईच्या टोकानं उलटी केली, मग दुसरी. "गबाळ्या दिसतायत," त्या म्हणाल्या. "अशा फोटोत गेल्या तर लोक म्हणतील म्हस्केबाईंचे हात आता थकले."

ही गोष्ट उंबरटेकच्या उत्खननाच्या शेवटच्या हंगामातली. शेवटचा म्हणजे मॅडमचा शेवटचा. जूनमध्ये त्या निवृत्त होणार होत्या. तिथलं टेकाड नदीच्या वळणावर होतं आणि तीन हजार वर्षांपूर्वी तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती. तांब्याची हत्यारं थोडी, दगडाची जास्त, रंगवलेली मडकी, चुन्यानं सारवलेल्या जमिनी. मग ती माणसं एकदा उठून गेली आणि तिथं पुन्हा कुणी राहायला आलं नाही. गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या धाब्याच्या घरांवर घालायला तिथली पांढरी माती नेत आले होते. मॅडम म्हणायच्या, अर्धं उंबरटेक माझ्या खड्ड्यात आहे आणि अर्धं गावाच्या छपरावर.

माझं काम बियांचं होतं. सोसायटीच्या खताच्या गोदामात आमची प्रयोगशाळा होती आणि मागच्या बाजूला पाण्याचा ड्रम. चुलीतली माती ड्रममध्ये ओतायची, हातानं हळू ढवळायची. माती तळाला जाते, आणि जळून कोळसा झालेल्या बिया वर तरंगतात. त्या मलमलीच्या कापडात गाळून घ्यायच्या, सावलीत वाळवायच्या आणि मग मायक्रोस्कोपखाली ओळखायच्या. कच्ची बी मातीत कुजून जाते, जळलेली टिकते. म्हणून तीन हजार वर्षांपूर्वी कोण काय खात होतं, पाऊस कसा होता, रान कसलं होतं, हे सगळं चुलीत चुकून पडलेल्या दाण्यांवरून ठरवायचं. मला त्या वयात हे फार विनोदी वाटायचं. आता माझ्या स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीखाली जे काय काय सापडतं ते पाहिलं की तेवढं वाटत नाही.

उंबरटेकच्या वरच्या थरातल्या, म्हणजे अगदी शेवटच्या घरांच्या चुलींमध्ये जव आणि मसूर कमी सापडायचे. रानसाव्याच्या आणि असल्याच रानगवतांच्या बिया मात्र मूठमूठ. त्यावरून मॅडमनी फार पूर्वी मांडलं होतं की पावसानं दगा दिला, पिकं गेली, माणसं रानातलं गवताचं बी खाऊन राहिली आणि शेवटी गाव सोडून गेली. आपल्याकडे बरबडा नावाच्या रानगवताचं बी खाऊन लोकांनी दुष्काळ काढले आहेत, तसंच. ते सगळीकडे मानलं गेलं होतं. परीक्षेत मीही तेच उत्तर लिहून आले होते. आता अहवालाचा शेवटचा खंड निघायचा होता आणि त्यातलं शेवटच्या थराचं प्रकरण मी लिहायचं, मॅडमनी तपासून सही करायची, असं ठरलं होतं.

"मॅडम, एक विचारू?" मी म्हटलं.

"विचार."

"माणसं सावा खातात तर कांडून खातात. या सगळ्या बियांवर टरफल आहे. एकूण एक."

"दुष्काळात कांडायला कुणाला धीर असतो?"

"आणि हे जे चिकटलंय?"

"माती."

"माती ड्रममध्ये सुटते. हे सुटलं नाही. यात गवताचे चावलेले तुकडे आहेत. मला वाटतं, शेण आहे."

त्यांनी डोळा वर केला. चष्मा कपाळावर होता तो खाली ओढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"गोवरी," मी म्हटलं. "या बिया कुणी शिजवल्या नसतील. गाईच्या पोटातून शेणात आल्या, शेणाच्या गोवऱ्या झाल्या, गोवऱ्या चुलीत गेल्या."

"म्हणजे इतकी वर्षं मी गुरांचं जेवण माणसांच्या ताटात वाढलं."

"तसं नाही म्हणत मी."

"म्हण की. म्हणायला काय झालं."

त्या उठल्या, पेटी उघडली आणि जुन्या हंगामांच्या काचेच्या नळ्या काढून आणल्या. त्यातल्या बिया काळ्याभोर, चकचकीत, मोहरीसारख्या. खारीच्या केसांच्या बारीक ब्रशनं प्रत्येक बी मॅडमनी स्वतः घासून ठेवली होती. हे काम त्या कुणावर सोपवत नसत. त्या स्वच्छतेचं कौतुक दुसऱ्या विद्यापीठांतून होत असे आणि आम्हां विद्यार्थ्यांना त्याची जरा धास्ती असे. बियांना जे काही चिकटलेलं असेल ते ब्रशबरोबर गेलं होतं. टरफलंसुद्धा.

एक नळी त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली.

"तनुजा," त्या म्हणाल्या, "खायला नसलं की माणूस घर सोडतं. उगाच नाही सोडत. छप्पर, चूल, गुरं, शेजार, हे टाकून कोण जातं? माझी आई मला मामाकडे ठेवून निघून गेली. मी सहा वर्षांची होते. दुष्काळ होता, घरात दाणा नव्हता. मामा सांगायचे, आणि मामा खोटं बोलणारा माणूस नव्हता. मला हे पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही."

सहा वर्षांची मुलगी म्हणजे केवढी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माझ्या घरात एक चार वर्षांची आहे. मी आंघोळीला गेले तरी ती दाराशी बसून राहते आणि मधूनमधून विचारते, आई, आहेस ना?

"जाळून बघू," मॅडम म्हणाल्या.

"काय?"

"गोवऱ्या. दोन प्रकारच्या घे. एक उन्हाळ्यातल्या, गुरं नुसत्या कडब्यावर असतानाच्या. दुसऱ्या दसऱ्यानंतरच्या, रानात चरून आल्यावरच्या. वेगवेगळ्या जाळ, राख वेगवेगळी पाण्यात घाल, आणि काय तरंगतं ते बघ. आपल्या चुलीशी ताडून पाहू. दोन्हींत काही निघालं नाही तर तुझं चिकटलेलं शेण तू विसरायचंस."

"आणि निघालं तर?"

"तर लिहायचं. मला वाटतं, निघणार नाही."

गोवऱ्यांसाठी मी गयाबाईकडे गेले. गयाबाई आमच्या खड्ड्यावर माती चाळायला यायची. घरी दोन गाई आणि एक म्हैस होती. तिचं बोलणं खड्ड्यात सगळ्यांत वरचढ असे.

"शेण न्यायला पुण्याहून आल्या," ती शेजारणीला ओरडून म्हणाली. "पुण्यात गुरं न्हाईत का माणसं शेण टाकीत न्हाईत, काय कळंना."

"गयाबाई, उन्हाळ्यातल्या गोवऱ्या हव्यात आणि आत्ताच्या. निरनिराळ्या."

"निरनिराळ्या? आता गवरीला बी जात लागली का?"

"प्रयोग करायचाय."

"करा बया. मागं बी एक मास्तर व्हते, दगडं मोजीत बसायचे. तुमचं तरी बरं, हात उबंला राहतील."

तिनं सपरात पावसापासून झाकून ठेवलेल्या उन्हाळ्यातल्या गोवऱ्या काढून दिल्या आणि अंगणात नुकत्या रचलेल्या राशीतल्या दसऱ्यानंतरच्या. मी उचलायला लागले तशी तिनं माझ्या हातातून पाटी घेतली.

"बाईंना कशाला पायजे? म्हस्केबाईंना?"

"हो. त्यांचाच प्रयोग."

"अवघड बाई हाय ती," गयाबाई म्हणाली, आणि आवाज थोडा खाली आणला. "माय हिथं चिंचखेडला, नदीपल्याड. हाक मारली तर ऐकू जाईल. दर साली ही बया हिथं खणायला येती, मेलेल्यांची मडकी जोडती, आन् जित्या मायकडं जात न्हाई. भाऊ हाय तिकडं सावत्र, त्यो येऊन गेला दोन-चारदा. चहा पाजून वाटंला लावला."

"आई हयात आहे त्यांची?"

"न हयात राहायला काय झालं? म्हातारी खणखणीत हाय. नवरा वारल्यावर दोन-तीन सालं भावाकडं राह्यली, मग चिंचखेडच्या माणसाशी पाट लावला. त्यानं पोरगी घ्यायला नकार दिला म्हणत्यात. लई जुनं झालं ते. उचला आता, का मीच आणून टाकू?"

मी गोवऱ्या घेऊन आले. ऐकलेलं काही मॅडमना सांगितलं नाही. मला ते माहीत असणं त्यांना आवडलं नसतं.

दुपारी गोदामामागं आम्ही दोन पत्रे अंथरले आणि दोन चुली मांडल्या. मॅडमनी स्वतः गोवऱ्या रचल्या. त्यांना ते चांगलं येत होतं. हवा जायला मध्ये पोकळी ठेवून, उभ्या-आडव्या. धूर आमच्या तोंडावर येत होता. त्या पदर नाकाला लावून बसल्या आणि मध्येच म्हणाल्या, "मामी मला गोवऱ्या थापायला बसवायची. माझ्या गोल यायच्या नाहीत. म्हणायची, हिच्या गोवऱ्या बघून कळतं, ही संसार करणार नाही."

"मग?"

"मग काय. बरोबर निघालं तिचं."

राख थंड होईपर्यंत आम्ही चहा घेतला. मग दोन्ही राखा मी वेगवेगळ्या पाण्यात सोडल्या. उन्हाळ्याच्या राखेतून वर आलं ते म्हणजे काडीचे तुकडे आणि ज्वारीच्या पानांच्या देठांची कोळसा झालेली कपची. बी म्हणावं असं जवळपास काही नव्हतं. दसऱ्यानंतरच्या राखेचं पाणी मात्र वरून काळं झालं. मलमलीत जे जमलं ते उजेडात नेऊन पाहायचीही गरज नव्हती, पण रीत म्हणून वाळवलं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवलं. रानसावा, टरफलासकट. त्याला चिकटलेला करपलेल्या शेणाचा तोच थर, तेच चावलेले तुकडे. शेजारी मी उंबरटेकच्या शेवटच्या चुलीतली माझी गबाळी, न घासलेली बी ठेवली. अनोळखी माणसाला दाखवलं असतं तर कुठली कालची आणि कुठली तीन हजार वर्षांची, हे त्याला सांगता आलं नसतं.

मॅडमनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. काचा अदलाबदल करून पाहिल्या. मग विचारलं, "लव्हाळ्याचं बी आहे का यात?"

"आहे. या राखेत पुष्कळ."

"आणि आपल्या चुलीत?"

"तिथंही आहे. मी मागच्या आठवड्यातच ओळखलं होतं, पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही."

त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"लव्हाळा नदीकाठी उभा राहायला नदीत पाणी लागतं," त्या म्हणाल्या. वर्गात शिकवताना जसा आवाज असे, तसाच होता. "आणि रानगवत दाण्यावर यायला पाऊस शेवटपर्यंत लागतो. दुष्काळात गवत पोटरीतच वाळतं. गुरं पाला खातात, साली खातात. शेणात भरलेलं बी येत नाही. हे दाणे बघ, किती टपोरे आहेत."

"हो."

"म्हणजे शेवटच्या घरात, शेवटच्या चुलीत जे जळलं ते चांगल्या सालातलं आहे. गुरं पोटभर चरली होती. दसरा-दिवाळीचे दिवस असतील. आणि त्या सालात ही माणसं उठून गेली."

इतकं सरळ मीही मनाशी म्हटलं नव्हतं. मी एवढंच धरून होते की बिया खाण्याच्या नव्हत्या. त्यातून पाऊस निघेल आणि पावसातून दुष्काळच जाईल, इथवर त्या माझ्या आधी पोचल्या.

गोदामात युरियाचा वास भरून राहिला होता. बाहेर गयाबाई आणि बाकीच्या बायका पाट्या धूत होत्या, कुणाची तरी थट्टा चालली होती.

"मॅडम," मी म्हटलं, "आपण असं लिहू. बिया गोवऱ्यांतून आल्या असाव्यात, तरीही दुष्काळाची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही."

"नाकारता येत नाही." त्यांनी माझे शब्द हळू उच्चारले. "हे वाक्य मी फार वापरलंय. भीती वाटली की वापरायचं असतं ते."

"पण तुमचं सगळं काम…"

"माझं काम बिया मोजायचं. त्या मी नीट मोजल्या. फक्त फार स्वच्छ केल्या."

त्यांनी नळ्या पेटीत परत ठेवायला घेतल्या. एकेक नळी कापसात गुंडाळताना म्हणाल्या, "हवामान खात्याकडे जुन्या पावसाचे आकडे असतात. तालुकावार. पुण्यात आमच्या इमारतीपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे ते कार्यालय. तीन हजार वर्षांपूर्वीच्या पावसासाठी मी तिथं कितीदा गेले असेन. मी सहा वर्षांची होते त्या सालचा आकडा कधी मागितला नाही."

मी पुढच्या नळीसाठी कापूस पुढं केला.

"तुला गयाबाईनं सांगितलं असेलच."

"हो."

"तिच्या पोटात काय राहतंय. बाजाराच्या दिवशी काम बंद असतं. चिंचखेडला येतेस माझ्याबरोबर?"

"मी कशाला मॅडम?"

"मला तिथं एकटीला बसता येणार नाही. आणि तू प्रश्न चांगले विचारतेस. विचारू मात्र नकोस."

बाजाराच्या दिवशी आम्ही खड्ड्यावरची जीप घेतली; चालवायला मीच बसले. पुलावरून वळसा घालून जावं लागत होतं, म्हणून गयाबाईच्या हाकेच्या अंतराला बराच वेळ लागला. मॅडमनी इस्त्रीची सुती साडी नेसली होती, परिषदेला जाताना नेसायच्या तशी. वाटेत त्या नदीच्या काठाकडे बोट दाखवून मला जुन्या पुराचे थर समजावून सांगत होत्या. मी मान हलवत होते.

घर सिमेंटचं होतं, समोर पत्र्याचं सपर, बाहेर ट्रॅक्टर. मॅडमचा सावत्र भाऊ पोपटराव दारातच होता. तो गडबडला, आधी हात पुसले, मग वाकून पाया पडला. "आक्का," म्हणाला, "कळवायचं तरी. मी घ्यायला आलो असतो."

"जीप आहे आमच्याकडे."

म्हातारी सपराखाली घोंगडीवर बसून सुपातल्या तुरी निवडत होती. अंगानं अगदी लहान, पण पाठ ताठ. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"इंदे," ती म्हणाली. "आलीस."

"हो."

"बस. ही कोण?"

"माझी विद्यार्थिनी. तनुजा."

"बस गं पोरी. लेकरंबाळं हायत का?"

"नाही आजी. लग्न व्हायचंय."

"व्हईल, व्हईल. घाई नको करू."

पोपटरावाची बायको पाणी घेऊन आली, मग चहा टाकायला आत गेली. मॅडम म्हातारीसमोर खाली बसल्या. माझ्यासाठी खुर्ची आणली गेली होती, मी ती बाजूला सारून त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. म्हातारीनं सूप पुन्हा हलवायला घेतलं. पोपटराव खांबाला टेकून उभा होता आणि काय करावं हे न समजून ट्रॅक्टरच्या डिझेलबद्दल मला काहीतरी सांगत होता.

"गुडघे कसे आहेत?" मॅडमनी विचारलं.

"हायत."

"औषध घेतेस?"

"पोपट आणतो. घेती कवातरी."

मग मॅडम म्हणाल्या, "मला एक विचारायचं होतं."

म्हातारीचे हात थांबले. तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. "इचार," ती म्हणाली. "का गेले ते इचारायला आली असशील. म्या सांगन. आता काय लपवायचं राह्यलं न्हाई."

"ते नको. पाऊस सांग."

"काय?"

"तू गेलीस त्या साली पाऊस कसा होता?"

पोपटराव मध्येच म्हणाला, "आक्का, दुष्काळच व्हता की त्या साली. मामा बी सांगायचे. घरात…"

"तू गप ऱ्हा," म्हातारी म्हणाली. तिनं मॅडमकडे पाहिलं, मग अंगणातल्या उन्हाकडे. उत्तर शोधत होती असं वाटलं नाही.

"बक्कळ व्हता," ती म्हणाली. "रोहिणीपासून लागला तो हस्तापर्यंत सुटला न्हाई. बाजरी हातभर कणसाची. ओढ्याला दिवाळीपर्यंत पाणी व्हतं, तू त्यात चिंगळ्या धरायचीस फडक्यानं."

मॅडमनी सुपाबाहेर पडलेला एक दाणा उचलून परत आत टाकला.

"चिंचखेडवाल्यांचा निरोप त्याच्या आधल्या साली आला व्हता. त्या साली पाऊस नव्हता. मी म्हणलं, आता न्हाई. दुष्काळात कसं जायचं? भुकेच्या घरात दुसऱ्याचं पोर कोण ठेवून घेतं? भावजय वाईट नव्हती, पर ताटातलं कमी पडाया लागलं की पयला हात परक्या पोराचा धरत्यात. म्हणून राह्यले सालभर. ते थांबले माझ्यासाठी. दुसऱ्या साली असं पिकलं की कणगीला जागा पुरंना. मी माझ्या हातानं कापली, मळली, कणगी भरली, तोंड लिंपलं. भावजयीला म्हणलं, ह्यात इंदीचं हाय, तिला कवा उपाशी निजवू नको. आन् मग गेले."

"मामा म्हणायचे, दाणा नव्हता," मॅडम म्हणाल्या.

"दादा तुला बरं वाटावं म्हणून म्हणत असल. भरल्या घरातनं माय गेली म्हणून कसं सांगायचं लेकराला?" तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण तुरीला हात लावला नाही. "दुष्काळ असता तर म्या गेले नसते, इंदे."

चहा आला. मॅडमनी कप हातात घेतला आणि पूर्ण प्यायल्या. एरवी त्या साखरेचा चहा बाजूला ठेवून देत. पोपटरावाच्या बायकोनं जेवायचा आग्रह केला. मॅडम म्हणाल्या, आज नको, पुढच्या बाजाराला येते. म्हातारीनं सुनेला आत काहीतरी सांगितलं आणि सुनेनं फडक्यात बांधून भाकरी आणि लसणाचा ठेचा आणून दिला. निघताना म्हातारी उठली नाही. मॅडम तिच्यापुढं वाकल्या तेव्हा तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मान, मणका, कंबर, असा सावकाश. जनावर विकत घेताना तपासतात तसा, किंवा मूल तापातून उठल्यावर आई फिरवते तसा. तो दुसरा हात मी अलीकडेच ओळखायला शिकले आहे.

पुलाच्या अलीकडे मॅडमनी जीप बाजूला घ्यायला लावली.

"कागद आहे?"

पर्समध्ये एका दुकानाची पावती होती. तिची मागची बाजू कोरी होती.

"लिही," त्या म्हणाल्या. "वरच्या थरातील रानगवतांच्या बिया मानवी आहाराचा भाग नसून जळणासाठी वापरलेल्या गोवऱ्यांतून आलेल्या आहेत. पूर्वीच्या हंगामांत बिया स्वच्छ करताना हा पुरावा नष्ट झाला. ते काम प्रस्तुत लेखिकेचं होतं, हे त्यात घाल."

"तुमचं नाव?"

"माझं नाव. पुढं. वस्ती सोडण्यापूर्वीचा शेवटचा पावसाळा चांगला झालेला होता. रहिवाशांनी वस्ती सुबत्तेच्या वर्षात सोडली."

मी लिहिलं आणि थांबले. खालून पुलाच्या खांबांना पाणी घासून जात होतं.

"आणि कारण, मॅडम? का सोडली, तो परिच्छेद?"

"तो नको. ज्यांना विचारायचं, ती माणसं आता नाहीत. आपल्याला पाऊस सांगता आला, तेवढा सांगितला."

"लोक विचारतील. तुम्ही इतकी वर्षं दुष्काळ म्हणत होतात, आता काय म्हणता?"

"म्हणावं, चुकले होते. आणि म्हणावं, चांगल्या सालीच निघता येतं कधीकधी. हे मात्र लिहू नकोस, ते आपल्या दोघींत."

मग त्यांनी मांडीवरचं फडकं सोडलं. भाकरी बाजरीची होती, अजून कोमट. त्यांनी ती मधोमध मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. ठेचा तिखट होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदरानं पुसलं आणि पुन्हा घास घेतला. भाकरी संपेपर्यंत आम्ही तिथंच थांबलो.